‘यू’ म्हणजे तू नव्हे

इंग्रजीत मान नाही, लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मीही तसेच समजत होतो. शाळेत ‘यू म्हणजे तू’ असे पाठ केले होते. त्यामुळे नोकरीत वरिष्ठांना पहिले इंग्रजी पत्र लिहिताना हात अडखळला होता. पुढे जुन्या इंग्रजीचे व्याकरण आपले आपणच वाचू लागलो, तेव्हा उलगडा झाला. इंग्रजीतून गेला तो ‘तू’. उरला तो ‘तुम्ही’.

मुळात एकासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यी’ अशी विभागणी होती. ‘यू’ हे ‘यी’चेच कर्मरूप, म्हणजे ‘तुम्हांला’. ‘दाऊ’, लॅटिन ‘तू’, संस्कृत ‘त्वम्’ आणि आपला ‘तू’ ही एकाच कुळातली भावंडे. 1066 मध्ये नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच रुजली आणि तिच्या वळणाने तेराव्या शतकापासून एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचन लावले जाऊ लागले. खूण अजून शिल्लक आहे: एकट्यालाही ‘यू आर’च म्हणतात, जसे आपण एकट्या गुरुजींना ‘तुम्ही आहात’ म्हणतो.

मग ‘दाऊ’ला धार चढली. 1603 साली सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवले. पुढे त्याच शतकात क्वेकर पंथीयांनी, देवापुढे सगळे सारखे, म्हणून राजापासून नोकरापर्यंत सर्वांना ‘दाऊ’ म्हणायचे ठरवले. त्यापायी त्यांनी शिव्या आणि मार खाल्ला. थॉमस एलवुड या तरुण क्वेकराला तर वडिलांनीच, पुन्हा असा बोललास तर दात घशात घालीन, असा दम भरला होता.

उद्धटपणाच्या भीतीने लोक सर्वांनाच ‘यू’ म्हणू लागले. ‘दाऊ’ काही बोलींत आणि प्रार्थनेत तेवढा उरला. 1611 च्या बायबलात देवालाही ‘दाऊ’ आहे, सैतानालाही. तो नुसता एकवचनी आहे. आज मात्र तोच शब्द भारदस्त वाटतो.

आपण वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत आलो, आईला आणि विठ्ठलाला ‘तू’. त्या ‘तू’त अनादर नाही, हे आपल्याला कोणी समजवावे लागत नाही. इंग्रजांनी मान सर्वांना सारखा वाटला. पण आईला हाक मारायचा तो वेगळा शब्द त्यात हरवला. वरिष्ठांना ‘यू’ लिहिताना आता माझा हात थांबत नाही. इंग्रजीत आईला काय म्हणावे, तिथे मात्र थांबतो.