हेलसिंकी ते टोकिओ : अंतर, मार्ग आणि वेळ

दोन विमानतळांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले म्हणजे प्रवासाचा काळ मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्याची मर्यादा हेलसिंकी व टोकिओचा नारिता या विमानतळांच्या उदाहरणावरून चांगली स्पष्ट होते.

प्रथम अंतराचा विचार करू. गोलपृष्ठावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस होय. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि. मी. धरल्यास गोलीय त्रिकोणमितीने हा कंस ७०.४ अंशांचा, म्हणजे सु. ७,८३० कि. मी. भरतो. मर्केटरच्या नकाशावर हीच स्थळे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा प्रत्येक रेखावृत्तास एकाच कोनात छेदते. परंतु तिची लांबी सु. ८,७८० कि. मी. येते. लघुतम मार्ग त्याच नकाशावर वाकडा दिसतो व ६७ अंश उत्तर अक्षांशापलीकडे चढून उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो. नकाशावर जे सरळ, ते पृथ्वीवर जवळचे असतेच असे नाही.

आता वेळ. ताशी ९०० कि. मी. वेगाने हा कंस ८ तास ४२ मिनिटांत पुरा होईल. परंतु हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. ताशी १०० कि. मी. वेगाचा वारा सर्व मार्गभर पाठीशी असेल, तर ७ तास ५० मिनिटे पुरतील; तोच समोरून आल्यास ९ तास ४७ मिनिटे लागतील. या अक्षांशांतील उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. म्हणून जाण्याचा व येण्याचा काळ सारखा नसतो. शिवाय हिवाळ्यात जपानचे घड्याळ फिनलंडच्या सात तास पुढे असते. तेव्हा वेळापत्रकातील स्थानिक वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासकाळ नव्हे.

तथापि सर्वांत मोठा फरक राज्यांच्या सीमांमुळे पडतो. वरील कंसाचा बहुतांश भाग रशियावरून जातो. १९८३ मध्ये फिनएअर कंपनीने डीसी-१० विमानाने टोकिओची विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाचा प्रदेश टाळून विमान उत्तर ध्रुवावरून नेले जाई व सु. तेरा तास लागत. पुढे सैबेरियावरून जाण्याची मुभा मिळाली आणि प्रवास नऊ-दहा तासांवर आला. युरोप व पूर्व आशिया यांमधील जवळचे द्वार म्हणून हेलसिंकीस जे महत्त्व लाभले, ते याच कंसामुळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय देशांनी व रशियाने परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. त्यानंतर काही विमाने पुन्हा ध्रुवाकडून, तर काही दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जाऊ लागली. ध्रुव व बेरिंगची सामुद्रधुनी यांवरून मोजल्यास मार्ग सु. १०,६०० कि. मी. होतो, प्रवासास पुन्हा सु. तेरा तास लागू लागले.

सारांश, सुमारे चाळीस वर्षांत विमाने बदलली, विमानतळ जागचे हलले नाहीत, आणि काळ मात्र घटून पूर्वपदावर आला. अंतर हे भूमितीने ठरते. मार्ग राजकारणाने आणि काळ वाऱ्यासह या साऱ्यांनी ठरतो. वाहतूक-भूगोलाच्या अभ्यासकाने या तीन राशी प्रारंभापासूनच वेगळ्या ठेवणे इष्ट होय.