लादी काढावी, मग फळी बसवावी

समजा, तुमच्या शाळेच्या सभागृहात काँक्रीटवर चिनी मातीच्या गुळगुळीत लाद्या आहेत. काही फुटल्या, काही उठल्या. त्या काढून तेथे सागवानी फळ्यांची जमीन करायचे ठरले. आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? दोन बिगारी लावा, पहारी द्या, काम फत्ते! पण यात एक अडचण दडलेली आहे. लादी फोडताना पाणी हवे असते आणि फळी बसवताना पाणी अजिबात नको असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, ते आज पाहू.

पाणी का हवे? लादी, सिमेंटचा माल आणि काँक्रीट यांत कमी-अधिक प्रमाणात सिलिका असते. घाव बसला की तिचे पीठ होऊन उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकाघशात अडकते. खरा घात करते ती न दिसणारी! केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असे तिचे कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले की फुफ्फुस निबर होते, दम लागतो. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयाचा धोकाही वाढतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने हा रोग सरकारला कळवण्याच्या रोगांत घातला होता. पण तो कायदा कारखान्यांचा. शाळेत रोजावर आलेल्या बिगाऱ्याची काळजी काम सांगणाऱ्यानेच घेतली पाहिजे.

म्हणून आदल्या दिवशी लाद्यांवर टिचक्या मारून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तिथून सुरुवात करा. जमीन ओली करा. छिन्नी उभी न धरता आडवी, लादीच्या खाली सारा. म्हणजे लादी उचलली जाते आणि काँक्रीटला खड्डे पडत नाहीत. लादीच्या कपच्या काचेसारख्या कापतात. तेव्हा डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि पायांत बूट हवेतच. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ जातीचा मुखवटा घ्यावा. चिकटून राहिलेला माल घासताना सर्वांत जास्त धूळ उडते. त्यासाठी धूळ ओढून घेणारे यंत्र लावावे. साध्या विजेच्या यंत्रावर मात्र पाणी ओतू नका, जिवावर बेतेल! आणि शेवटी कोरड्या केरसुणीने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता दुसरी बाजू. लाकूड हवेतली आणि जमिनीतली ओल पिते. प्यायले की ते लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. फळ्या एकमेकींना रेटतात आणि मधेच उचलतात. काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी आत ओल धरून असते. ती पाहण्याचा एक सोपा प्रयोग शिक्षकबंधुभगिनींनी वर्गाकडून करून घ्यावा. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. खालच्या बाजूस थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर फळ्यांना हात लावू नका. थेंब नाहीत म्हणजे धोका संपला असेही नाही. वैशाखात कोरडी असलेली जमीन आषाढात ओलावते. मोठे काम असेल तर ओल मोजणारे यंत्र आणवून खात्री करून घ्या.

तेव्हा मेळ बसतो तो काळाने. लादी ओली करून काढा, मग खिडक्या उघड्या टाकून जमिनीला काही आठवडे वाळू द्या. खाचखळगे भरून ती सपाट करा. फळ्याही त्याच खोलीत काही दिवस ठेवा. बसवताना भिंतीलगत सुमारे अर्धा इंच फट सोडा आणि ती वरून पट्टीने झाका, म्हणजे फुगायला जागा राहते.

कंत्राटदार म्हणेल, सुट्टी संपत आली, कोरडेच फोडून आठवड्यात फळ्या ठोकून देतो. त्याला नाही म्हणा. त्याने वाचवलेल्या दिवसांची किंमत बिगाऱ्याच्या छातीतून आणि तुमच्या सागवानातून वसूल होते. काम दिवाळीच्या सुट्टीऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आरंभी काढा. वाळायला ऊनही मिळेल आणि वेळही.