उताणी वाटी, पालथी वाटी

यंदा आमच्या घरात बारावी आहे. पुतणी कोट्याला जाणार नाही, एमपी नगरच्या कोचिंगलाही नाही, इथे साकेत नगरमध्ये घरी बसूनच अभ्यास करणार, असं ठरलं तेव्हा दादा आणि वहिनी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. घरात बीई झालेला, सॉफ्टवेअरमध्ये असलेला आणि वरच्या खोलीतून नोकरी करणारा मीच. "बाकीचं ती बघेल, मॅथ्सचं तू बघ," दादा म्हणाला. बघायचं म्हणजे शिकवायचं नाही. शिकवायला इंटरनेटवर जगातले चांगले शिक्षक फुकट हजर आहेत. कोणाचं ऐकायचं, किती ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर काय करायचं, एवढंच बघायचं. पण एका मुलीचं अख्खं वर्ष या भरवशावर लावलंय, त्यामुळे मला हे काम हलकं वाटत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न असेल, म्हणून लिहितोय. मात्र सगळ्या अभ्यासक्रमाबद्दल नाही, एकाच छोट्या गोष्टीबद्दल. ती म्हणजे वक्राचं वाकणं, इंग्रजीत ज्याला कॉन्कॅव्हिटी म्हणतात ते.

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात सहाव्या प्रकरणात कमाल-किमान मूल्यं काढायची रीत आहे. एकदा डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याबरोबर मांडा, मग पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढा. दुसरा ऋण आला तर कमाल, धन आला तर किमान. पुतणी ही गणितं धडाधड सोडवायची. एका रविवारी मी कागदावर एक नागमोडी रेघ काढली, समीकरण काही दिलं नाही, आणि विचारलं, "यात दुसरा डेरिव्हेटिव्ह कुठे धन आहे?" तिने लगेच रेघेचा चढता भाग दाखवला. "वर जातोय ना काका, मग पॉझिटिव्ह."

हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. पुस्तकात कसोटी आहे, पण वक्र कुठल्या अंगाला वाकलाय याचा वेगळा धडा नाही, आणि गुण मिळवायला तो लागतही नाही. अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलसच्या अभ्यासक्रमात मात्र तो स्वतंत्र विषय आहे. आज मिळणारे बरेच व्हिडिओ त्या अभ्यासक्रमासाठी बनलेत, म्हणून भोपाळमध्ये बसून आपल्या पुस्तकातली फट तिकडच्या धड्याने बुजवता येते. ही सोय आमच्या वेळी नव्हती.

आम्ही सुरुवात खान अकॅडमीपासून केली. सलमान खान (आपला नव्हे) २००४ साली बॉस्टनमध्ये एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करत होता आणि न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या नादिया नावाच्या मामे-चुलत बहिणीला फोनवरून गणित शिकवत होता. २००६ मध्ये त्याने तेच धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. काळा फळा, रंगीत अक्षरं, आवाज, आणि शिकवणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. शेजारी बसून कोणी वहीत लिहून दाखवावं तसं वाटतं, कारण मुळात ते घरातल्या एका मुलीसाठीच होतं. त्यानंतर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची २०१० ची कॅल्क्युलसची छोटी मालिका पाहिली. त्यात कमाल-किमान आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह यांवर एक पूर्ण व्याख्यान आहे. म्हातारबुवा खडूने सावकाश चित्र काढतात, मध्येच थांबून विचार करतात. पुतणीला ते आवडले, पण दीडपट वेगाने. शेवटी ग्रँट सँडरसनची २०१७ ची मालिका. त्यात वक्र पडद्यावर खरोखर हलतात. ती चित्रं काढायला त्याने स्वतः पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, हे कळल्यावर माझं अर्ध लक्ष गणितावरून उडालं, ते सोडा.

तीनही ठिकाणी गोष्ट तीच, पण नावांचा घोळ. जे शाळेच्या व्हिडिओत 'कॉन्केव्ह अप', तेच माझ्या कामात नुसतं 'कॉन्व्हेक्स'. हिंदी पुस्तकात उत्तल-अवतल. आजीला विचारावं तर तिला भिंगाचे बहिर्गोल-अंतर्गोल आठवतात. पुतणी वैतागली. तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातले शब्द घेतले. सरळ ठेवलेली, पाणी धरणारी ती उताणी वाटी. उपडी घातलेली ती पालथी वाटी. पालथ्या घड्यावर पाणी हे तर आमच्या घरी रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागतं! दुसरा डेरिव्हेटिव्ह धन, वाटी उताणी. ऋण, वाटी पालथी. त्या दिवसापासून आमच्याकडे गणित मराठीत बोललं जातं. पुतणीचं मराठी एरवी "जेवायला काय आहे" याच्या पलीकडे फारसं जात नाही, त्यामुळे आजीला या गणितात भलताच रस निर्माण झाला.

पण वाटीचं चित्र पुरत नाही, कारण पूर्ण वाटी क्वचितच दिसते. दिसतो तिचा एखादा तुकडा. इथे मला बडा तालाब कामाला आला. पावसाळ्यात भोपाळच्या प्रत्येक वर्तमानपत्रात तलावाची पातळी छापून येते आणि १६६६.८० फूट झाले की तलाव पूर्ण भरला, आता भदभद्याचे दरवाजे उघडणार, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. समजा, पातळी पहिल्या दिवशी ०.८ फूट वाढली, दुसऱ्या दिवशी ०.६, मग ०.४, मग ०.२. पातळी रोज वाढतेच आहे. पण वाढ रोज घटते आहे. पातळी म्हणजे मूळ फलन, रोजची वाढ म्हणजे पहिला डेरिव्हेटिव्ह, आणि त्या वाढीत होणारा बदल म्हणजे दुसरा. तो इथे ऋण. आलेख चढता, तरी वाटी पालथी.

आता दरवाजे उघडले असं धरा. पातळी पहिल्या दिवशी ०.८ फूट उतरली, मग ०.६, ०.४, ०.२. आलेख उतरता. पुतणी म्हणाली, "मग ही पण पालथी." मी आकडे चिन्हांसकट लिहायला लावले: उणे ०.८, उणे ०.६, उणे ०.४, उणे ०.२. उणे ०.८ वरून उणे ०.६ म्हणजे वाढच की. उतार सौम्य होत चालला, म्हणजे वाटी उताणी. ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. चढण-उतरण वेगळी आणि वाकणं वेगळं, हे तीन व्हिडिओंनी सांगितलं होतं, तिने मान डोलावली होती, आणि तरी ते आत गेलं नव्हतं. गेलं ते चार उणे आकडे स्वतःच्या हाताने लिहिल्यावर.

व्हिडिओंबद्दल मला जी खरी काळजी वाटते ती हीच. डेरेक म्युलर, विज्ञानाचे व्हिडिओ करणारा तो प्रसिद्ध माणूस, याने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. विषय भौतिकशास्त्राचे व्हिडिओ. सरळ, स्वच्छ समजावून सांगितलेला व्हिडिओ मुलांना आवडला, स्पष्ट वाटला, आत्मविश्वास वाढला, पण चाचणीतले गुण जवळपास तिथेच राहिले. ज्या व्हिडिओत आधी नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती खोडली, तो पाहताना मुलं गोंधळली, पण शिकली जास्त. छान समजावलेला धडा ऐकताना आपल्याला जे आधीच माहीत आहे असं वाटतं तेच ऐकू येतं. म्हणून "अगदी सोप्या भाषेत, दहा मिनिटांत" अशा जाहिरातीच्या व्हिडिओंपासून मी पुतणीला थोडं लांब ठेवतो. आमचा नियम साधा आहे: व्हिडिओत प्रश्न आला की थांबवायचं, उत्तर वहीत लिहायचं, मगच पुढे. दहा मिनिटांच्या धड्याला पाऊण तास लागतो. वहिनीला वाटतं मुलगी मोबाइलच बघते आहे. वही दाखवली की शांत होते.

याच सुमारास मी पुतणीला सिहोरबद्दल सांगितलं. आपल्या बड्या तलावात पाणी आणणारी कोलांस नदी ज्या बाजूने येते ते सिहोर, इथून चाळीसेक किलोमीटर. एकोणिसाव्या शतकात भोपाळचा ब्रिटिश पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन तिथे एक संस्कृत पाठशाळा चालवायचा. कोपर्निकसचं खगोलशास्त्र इंग्रजीतून लादण्यापेक्षा भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या वाटेने न्यावं, असा त्याचा आग्रह. तिथल्या सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक लिहिलं, ते मराठीत. पुराणांतली पृथ्वी, सिद्धान्तांतली पृथ्वी आणि कोपर्निकसची पृथ्वी अशी तुलना, तीही मराठीत, आणि आपल्या भोपाळशेजारी! नागपुरात शिकलेला एक मराठी तरुणही विल्किन्सनने याच पाठशाळेत आणला. तो म्हणजे पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात नाव काढलेले बापूदेव शास्त्री.

बापूदेवांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला: भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलसचं तत्त्व माहीत होतं. आधार ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीचा. ग्रहाची गती क्षणोक्षणी बदलते म्हणून भास्कराचार्य तात्कालिक गती मोजतात, आणि जिथे ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती सर्वांत मोठी असते तिथे तिच्यातला बदल शून्य असतो, हेही सांगतात. दोन वर्षांनी लंडनमध्ये स्पॉटिसवूड या गणितज्ञाने त्यावर टिपण लिहिलं. पद्धतीतलं साम्य मान्य केलं, पण पूर्ण कॅल्क्युलस म्हणायला तयार झाला नाही. मला स्वतःला स्पॉटिसवूडचं म्हणणं पटतं. एका ठिकाणी तत्त्व वापरणं आणि त्याचं सर्वत्र चालणारं शास्त्र करणं यांत फरक आहे. "आपल्याकडे सगळं आधीच होतं" छापाचे फॉरवर्ड मला सहन होत नाहीत. पण मूळ आकडे पाहिले तर फॉरवर्डपेक्षा ते कितीतरी जास्त मजा देतात, म्हणून ते आम्ही पाहिले.

आर्यभटाने दिलेले ज्यांचे, म्हणजे साइनचे, फरक असे आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३... आणि शेवटी ५१, ३७, २२, ७. शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत २४ समान पायऱ्या, प्रत्येक पायरीला ज्या किती वाढते ते. पुतणीने सगळे स्प्रेडशीटमध्ये भरले आणि बेरीज घेतली: ३४३८. सगळे फरक धन, म्हणजे आलेख चढता. पण फरक घटत जातात. "पालथी वाटी," ती लगेच म्हणाली. मग तिने फरकांचे फरक काढले. ते १, २, ३, ४, ५, ५, ६, ८, ८ असे वाढत शेवटी १५ वर जातात.

मी विचारलं, "तीस अंशांवर साइन किती?" अर्धा. आठ पायऱ्यांची बेरीज १७१९, बरोबर ३४३८ च्या निम्मी. तिथे वाकणं किती? ८ च्या आसपास. आणि शेवटी, जिथे साइन पूर्ण, तिथे १५. म्हणजे साइन निम्मी तिथे वाकणंही जवळपास निम्मं. साइनचा दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे साइन, हे सूत्र तिला कधीचं पाठ होतं. ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या कोष्टकातून आपोआप वर आलेलं पाहून ती खुर्चीतून उठली आणि आजीला दाखवायला लॅपटॉप घेऊन खाली गेली. आजीने विचारलं, "याचा उपयोग काय?"

उपयोगाचं उत्तर मी माझ्या कामातून दिलं. मशीन लर्निंगमध्ये प्रोग्रामची चूक किती झाली याचा आलेख असतो आणि उताराच्या दिशेने पावलं टाकत त्याचा तळ शोधायचा असतो. आलेख सगळीकडून उताणी वाटी असेल तर कुठूनही निघा, पावलं बेताची टाकलीत तर पोचाल तळालाच. खाचखळगे असतील तर भलत्याच खड्ड्यात अडकाल. आजीने हे ऐकून घेतलं आणि लॅपटॉप बंद करून जेवायला बसायला सांगितलं.

सहामाहीत पुतणीला गणितात किती मिळाले हे मी इथे लिहीत नाही, तिने बजावलंय. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे. मागच्या आठवड्यात मात्र तिने मला एक प्रश्न आणून दिला, जो कुठल्या व्हिडिओत नव्हता, तिने स्वतः काढला होता. एक्सचा चौथा घात. शून्यावर दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्यच येतो. मग तिथे वाटी उलटते का? एक्सच्या घनात तर उलटते. पुस्तक म्हणतं, अशा वेळी ही कसोटी चालत नाही, पहिल्या डेरिव्हेटिव्हकडे परत जा. तेवढ्याने तिचं समाधान नव्हतं. मी ऑफिसच्या कॉलमध्ये होतो, म्हणून तिने वाट न पाहता कोष्टक मांडलं: उणे ०.२ ला ०.००१६, उणे ०.१ ला ०.०००१, मग ०, मग ०.०००१, मग ०.००१६. फरक काढले: उणे ०.००१५, उणे ०.०००१, ०.०००१, ०.००१५. वाढतच जातात, कुठे मागे फिरत नाहीत. घनाचे फरक मात्र ०.००७, ०.००१, ०.००१, ०.००७ असे आधी घटतात, मग वाढतात.

कॉल संपवून मी बाहेर आलो तर वही माझ्या टेबलावर उघडी होती आणि खाली लिहिलं होतं, "काका, घन उलटतो. चौथा घात उलटत नाही. ती उताणीच आहे, फक्त बूड सपाट. वाटी नाही, परात."