रुळांची रुंदी आणि हिटलरची हौस

अकोला जिल्ह्याने रुळांच्या तिन्ही रुंद्या पाहिल्या आहेत. मुंबई-नागपूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. अकोला-खंडवा गाडी धावायची ती मीटरगेजवर. आणि मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ गाठणारी शकुंतला ही गाडी धावायची अवघ्या ७६२ मिलिमीटरवर. किलिक-निक्सन कंपनीने वऱ्हाडातल्या कापसासाठी हा मार्ग टाकला. पण मुंबईकडे निघालेल्या गाठी मूर्तिजापुरात उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवाव्या लागायच्या. गेज बदललं की माल उतरलाच.

पुढे १९४१ मध्ये नेमका हाच पेच जर्मन फौजेला रशियात पडला.

खरं तर छोट्या रुळांची किंमत जर्मनांना ठाऊक होती. शकुंतलेचे रूळ पडत होते, त्याच सुमारास पहिल्या महायुद्धात त्यांनी आघाडीपर्यंत ६०० मिलिमीटरची रेल्वे नेली. स्लीपरसकट जोडलेले रुळांचे तुकडे सैनिक हातांनी उचलून मांडत. त्यावर धावणारी छोटी 'ब्रिगेडलोक' इंजिनं अडीच हजारांच्या आसपास बांधली गेली.

दुसऱ्या महायुद्धात रशियाचे रूळ १५२४ मिलिमीटरचे निघाले, जर्मनीचे १४३५. मग एका बाजूचा रूळ उखडायचा, ८९ मिलिमीटर आत सरकवायचा आणि पुन्हा खिळे ठोकायचे, असं हजारो किलोमीटर करावं लागलं. त्यातच हिवाळा आला. जर्मन इंजिनांचे पाण्याचे नळ बाहेरच्या बाजूला होते. ते गोठून फुटले आणि ऐन लढाईत रसद अडकली.

अशा वेळी हिटलरच्या डोक्यात काय होतं? तीन मीटर रुंदीचे रूळ! सहा मीटर रुंदीचे दुमजली डबे युरोपभर फिरवायचे. रेल्वेच्या अभियंत्यांना ही योजना पटत नव्हती, तरी नकाशे काढण्याचं काम युद्ध संपेपर्यंत चालू राहिलं. मार्ग मात्र एक किलोमीटरही झाला नाही.

क्रुप कंपनीची 'गुस्ताव्ह' तोफही त्याच हौसेतली. वजन सुमारे १,३५० टन, नळीचा व्यास ८० सेंटिमीटर, गोळा सात टनांचा. ती उभी राहायची शेजारी-शेजारी टाकलेल्या दोन रेल्वेमार्गांवर. नळी वर-खाली व्हायची, पण डावी-उजवीकडे वळायची नाही. म्हणून मार्गच वळणाचा टाकत आणि नेम साधायला अख्खी तोफ त्या वळणावर पुढे-मागे ढकलत. जोडणीला आठवडे लागले, हजारो माणसं राबली. जून १९४२ मध्ये सेवास्तोपोलवर तिने जेमतेम पन्नासेक गोळे टाकले. नंतर ती लढाईत फारशी उपयोगी पडलीच नाही.

कामाला आलं ते 'क्रिग्सलोक ५२' हे इंजिन. आधीच्या नमुन्यातले सुमारे हजार भाग गाळले, तीन हजार सोपे केले, थंडीसाठी चालकाची खोली बंदिस्त केली. १९४२ पासून अशी सहा हजारांहून अधिक इंजिनं बाहेर पडली आणि युद्धानंतरही अनेक देशांत वर्षानुवर्षं धावली.

माघार घेताना याच जर्मनांनी इंजिनामागे लोखंडी आकडा जोडला. तो लाकडी स्लीपर मधोमध मोडत जाई. स्लीपर मोडला की रुळांमधलं अंतर टिकत नाही आणि मार्ग संपतो. शत्रूच्या हाती तो लागू नये म्हणून हा खटाटोप.

रेल्वेचं मोठेपण आकारात नसतं, जोडणीत असतं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. साधं, छोटं; तरी १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. या मार्गाचं पुढे काय करायचं, हा वाद आता आठवणींवर आणि नुसत्या रुंदीवर होऊ नये. अचलपूरची किंवा यवतमाळची गाठ वाटेत न उतरता मुंबईला पोहोचेल का, एवढंच वऱ्हाडाने विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.