शंखास्थी : रचना, कार्य व अभ्यासाचे महत्त्व

प्रस्तावना

मानवी कवटीत सामान्यतः 22 अस्थी मोजल्या जातात. त्यांपैकी शंखास्थी ही जोडअस्थी असून कवटीच्या दोन्ही बाजूंस, कानाच्या सभोवती व तळाशी ती वसलेली असते. बोलीभाषेत ज्या भागास ‘कानशील’ म्हटले जाते त्याचा बराचसा आधार हीच अस्थी होय. या भागाचे महत्त्व भारतीय परंपरेला अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या 107 मर्मांमध्ये ‘शंख’ या अस्थिमर्माचा समावेश सद्यःप्राणहर, म्हणजे आघात होताच प्राण घेणाऱ्या मर्मांत केलेला आहे. तर कानामागे खालच्या बाजूस असलेल्या ‘विधुर’ मर्मावरील आघाताने बहिरेपणा येतो, असे म्हटले आहे. शंखास्थीचा अभ्यास केवळ कर्णरोगतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. भौतिकशास्त्र, भ्रूणविज्ञान, उत्क्रांतिविज्ञान आणि अलीकडे पुरातत्त्वशास्त्र या शाखाही या एका अस्थीपाशी एकत्र येतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तिचा परामर्श घेतला आहे.

रचना

प्रौढावस्थेत एकसंध दिसणारी ही अस्थी मुळात निरनिराळ्या भागांच्या संयोगातून बनते. वरचा पसरट शल्कभाग, बाह्यकर्णनलिकेभोवतीचा वलयभाग, खाली उतरणारा बारीक शरप्रवर्ध आणि आत कवटीच्या तळाकडे गेलेला अश्मभाग हे ते भाग होत. कानामागे हाताला लागणारा कर्णमूल प्रवर्ध अश्म व शल्क या दोन भागांतून तयार होतो.

शल्कभाग अतिशय पातळ असतो. तो ललाटास्थी, पार्श्विकास्थी व जतुकास्थी यांना जेथे भेटतो, तेथे आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची मध्य रोहिणी जाते. या ठिकाणी मार लागून अस्थिभंग झाल्यास रोहिणी फाटून कवटी व आवरण यांच्या दरम्यान रक्त साचते. अशा प्रसंगी रुग्ण प्रारंभी शुद्धीवर येतो, बोलतो, ‘काही झाले नाही’ असे सांगतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. दुचाकीच्या अपघातानंतर रुग्णास निरीक्षणाखाली ठेवण्याचा आग्रह डॉक्टर धरतात, त्यामागील हे एक कारण होय.

अश्मभागाचे नाव सार्थ आहे. अंतःकर्णाभोवतीचे त्याचे कवच हे मानवी शरीरातील सर्वांत घन अस्थिद्रव्यांपैकी एक होय. इतर अस्थींचे आयुष्यभर झिजणे व पुन्हा घडणे चालू असते. हे कवच मात्र गर्भावस्थेतच घट्ट होते आणि त्यानंतर त्यात फारसा बदल होत नाही. अंतर्ग्रीवा रोहिणी, सातवी मस्तिष्क-तंत्रिका, श्रवण व तोल यांची आठवी तंत्रिका असे सर्व महत्त्वाचे मार्ग याच भागातून जातात. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी सातवी तंत्रिका तर सुमारे 3 सेंटिमीटर अंतर एका अरुंद, वळणदार अस्थिनलिकेतून कापते. तिला सूज आल्यास पसरण्यास जागा नसते, ही गोष्ट चेहऱ्याच्या अर्धांगवायूचा विचार करताना विसरता येत नाही.

श्रवण आणि तोल

ध्वनिलहरी हवेतून येतात, तर अंतःकर्णात द्रव असतो. हवेतील ध्वनी द्रवाच्या पृष्ठभागावर पडल्यास त्याची जवळजवळ सर्व ऊर्जा परावर्तित होते. मध्यकर्णातील घण, ऐरण व रिकीब या तीन अस्थिका ही अडचण दूर करतात. कर्णपटलाचे कार्यकारी क्षेत्रफळ सुमारे 55 चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळपट्टीचे सुमारे 3.2 चौरस मिलिमीटर असते. म्हणजे दाब सुमारे 17 पट वाढतो. अस्थिकांच्या तरफक्रियेची सुमारे 1.3 पट भर पडून एकूण वाढ 22 पटींच्या आसपास जाते. एवढे कार्य करणारी रिकीब ही शरीरातील सर्वांत लहान अस्थी असून तिची लांबी जेमतेम 3 मिलिमीटर असते.

अश्मभागातील कर्णावर्त शंखाप्रमाणे अडीच ते पावणेतीन वेढ्यांचा असतो. त्याच्या पायथ्याशी उच्च व शिखराकडे निम्न वारंवारतेच्या ध्वनीचे ग्रहण होते. मृतदेहांच्या शंखास्थींवर प्रयोग करून गेओर्ग फॉन बेकेशी यांनी ही पुढे सरकणारी लहर प्रत्यक्ष पाहिली व त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक लाभले. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका तोलाच्या जाणिवेशी निगडित आहेत. त्यांच्या कार्यावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

कर्णमूल आणि ‘कान वाहणे’

जन्माच्या वेळी अंतःकर्ण व अस्थिका जवळजवळ प्रौढ आकाराच्या असतात; कर्णमूल प्रवर्ध मात्र नसतो. मूल मान सावरू लागल्यानंतर, मानेच्या स्नायूच्या ओढीबरोबर तो वाढतो. त्यामुळे अर्भकात सातवी तंत्रिका जिथून बाहेर पडते ती जागा उघडी असते व चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत तिला इजा होण्याचा संभव असतो.

कर्णमूलात हवेच्या पोकळ्या असतात व त्या मध्यकर्णाशी जोडलेल्या असतात. मध्यकर्णातील पू याच वाटेने मागे सरकतो. वर एका पातळ अस्थिपटलापलीकडे मेंदू, मागे मोठी नीला, समोर सातवी तंत्रिका अशी ही जागा आहे. ‘मुलाचा कान फुटला, वयाबरोबर बरा होईल’ या समजुतीने तेल टाकून दिवस काढणे म्हणूनच घातक ठरते. कारण बहिरेपणाबरोबरच मेंदूत गळू होण्याचाही धोका त्यात असतो. हेरमान श्वार्त्से यांनी 1873 मध्ये कर्णमूल उघडण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीरपणे मांडली. प्रतिजैविकांनंतर तिची निकड कमी झाली, परंतु तोच मार्ग आज कर्णावर्तरोपणासाठी वापरला जातो. सातवी तंत्रिका व चवीची एक बारीक शाखा यांमधील चिंचोळ्या जागेतून विद्युदग्र आत नेले जाते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. दान केलेल्या देहांतील शंखास्थींवरच शल्यविशारदांचे हात तयार होतात.

पुरातत्त्वातील उपयोग

अश्मभागाच्या घनतेचा एक अनपेक्षित उपयोग 2014 नंतर पुढे आला. प्राचीन सांगाड्यांतील डीएनए या भागात इतर अस्थींपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात टिकून राहतो. हरियाणातील राखीगढी येथील उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले. तेथील 61 अस्थिनमुने, अश्मभागावर भर देऊन, तपासण्यात आले. त्यांपैकी एकाच स्त्रीच्या अवशेषांतून जनुकीय माहिती वाचता आली व ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. उष्ण हवामानात अश्मभागही पुरेसा ठरेलच असे नाही, हे यावरून दिसते.

शिवाय नमुना घेताना अंतःकर्णाची रचना नष्ट होते आणि ती रचना मानवशास्त्रज्ञांच्या दृष्टीने स्वतंत्र पुरावा असते. म्हणून कवटी न फोडता तळाकडून छिद्र घेण्याची पद्धत 2017 मध्ये मांडली गेली, तर 2020 मध्ये कानातील अस्थिकांमधूनही तितक्याच प्रतीचा डीएनए मिळू शकतो, असे दाखविण्यात आले. उत्खननात या अस्थिका मातीबरोबर सहज निघून जातात. कर्णनलिकेतील माती वेगळी चाळून ठेवल्यास त्या हाती लागण्याची शक्यता वाढते.