पाळणाघरांतील इजा आणि तिची चौकशी

मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो, तेव्हां टोपली घेऊन निघालेल्या आईला आपलें मूल कोणाच्या तरी हातीं सोंपवावें लागतें. पूर्वीं घरांत आजी असे, शेजारीण असे. आतां तें काम पुष्कळ ठिकाणीं अंगणवाडीकडे व शहरांत पाळणाघराकडे आलें आहे. मूल घरीं परतलें आणि त्याच्या अंगावर वळ दिसला, तर काय समजावें? "चिऱ्याच्या पायरीवर पडलें," असें सांगण्यांत येतें. तें खरें असेल, खोटेंहि असेल. बोलतां न येणाऱ्या मुलाची साक्ष त्याच्या अंगावरच उमटलेली असते. ती वाचण्याची रीत मात्र ठाऊक पाहिजे.

वैद्यकालाहि ही रीत उशिरां सांपडली. १९४६ सालीं अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनीं सहा तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या कवटीच्या आंत रक्त सांचलें होतें आणि हातापायांचीं हाडेंहि मोडलेलीं होतीं. पुढें १९६२ सालीं डॉक्टर हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनीं मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांना स्वतंत्र नांव दिलें, तेव्हां कोठें या प्रश्नाकडे सर्वत्र लक्ष गेलें.

या अनुभवांतून निघालेला पहिला नियम सोपा आहे: जागा पाहावी आणि वय पाहावें. धांवूं लागलेल्या मुलाचे गुडघे, नडग्या, कपाळ खरचटणें स्वाभाविक होय. परंतु कान, मान, पोट येथें पडल्यामुळें सहसा वळ उठत नाहींत. आणि जें मूल अद्याप रांगतहि नाहीं, त्याच्या अंगावर वळ दिसला तर डॉक्टरांना दाखविलेंच पाहिजे. दुसरा नियम असा कीं, सांगितलेली हकीकत आणि खूण यांचा मेळ बसला पाहिजे. जांभ्या दगडावर पडल्यास कातडी सोलते. बोटांच्या रुंदीच्या समांतर रेषा पायरीनें उमटत नाहींत. तिसरा नियम उतावळेपणास आळा घालणारा आहे. भारतांतील पुष्कळ मुलांच्या कमरेखालीं जन्मतःच निळसर डाग असतात; ते वळ नव्हेत. तसेंच रंगावरून वळ नेमका कोणत्या दिवसाचा, हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. म्हणून केवळ रंग पाहून अमक्या सेविकेवर ठपका ठेवणें अन्यायाचें ठरेल.

तक्रार आली कीं प्रथम मुलावर उपचार व्हावेत, नंतर जखमेची जागा, आकार व वेळ यांची नोंद व्हावी. त्या दिवशीं कोण हजर होतें, हें हजेरीपटावरून पाहावें आणि प्रत्येकाचा जबाब वेगळा घ्यावा. मूल बोलतें असेल तर "बाईंनीं मारलें ना?" असें न विचारतां "काय झालें?" एवढेंच विचारावें, उत्तर सुचविलें कीं साक्ष बिघडते. कॅमेरा असल्यास त्याचें चित्रण तत्काळ राखून ठेवावें, कारण जुन्यावर नवें उमटत जातें. नोव्हेंबर २०१६ मध्यें नवी मुंबईंतील खारघर येथें दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण अशा चित्रणामुळेंच उघडकीस आली आणि सेविकेला अटक झाली.

कायद्याचें बळ तक्रारदाराच्या पाठीशीं आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमान्वयें, मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेंतील माणसानें क्रौर्य केल्यास पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पांच लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पोलिसांखेरीज जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे किंवा १०९८ या दूरध्वनीवर कळवितां येतें.

खरी अडचण कायद्याची नसून ओळखीची असते. लहान गांवांत सेविका कोणाची तरी भावजय, कोणाची तरी मामी असते. "मिटवून टाका" असा सल्ला दोन्ही बाजूंनीं येतो. परंतु मिटविलेल्या तक्रारींत, मारणारा हात असेल तर तो मोकळा राहतो आणि निर्दोष सेविकेवरचा संशयहि कधीं धुतला जात नाहीं. नीट चौकशी झाली, तर मूल आणि त्याला सांभाळणारी बाई, या दोघांनाहि न्याय मिळतो. टोपली घेऊन निघालेल्या आईचा भरंवसा त्याच न्यायावर उभा असतो.