दुखणेकऱ्याचा प्रवास

काही दुखणी येतात नि जातात. ताप येतो, चार दिवसांत उतरतो. काही दुखणी मात्र बिऱ्हाड करून राहतात. संधिवात, आमवात, जुनी कंबरदुखी ही तशी दुखणी. २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुन्याची मोठी साथ आली. ताप उतरला, पण कित्येकांचे सांधे पुढं महिनोन् महिने दुखत राहिले.

अशा दुखण्याबरोबर थकवाही येतो. दिवसभर नांगर धरणारा गडी रात्री झोपला, की सकाळी ताजा होतो. पण या माणसाला रात्रभर झोपूनही अंग जड वाटतं. वरून काही दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "काल तर चांगली हिंडत होतीस. आज काय झालं?" हे नाटक नव्हे. एक दिवस बरा, एक दिवस वाईट, असा या दुखण्याचा गुणच आहे.

अशी माणसं प्रवासाला भितात. लेकीचं घर सुटतं, माहेर सुटतं, देव सुटतो. काही जण जिद्दीने जातात नि परत आल्यावर आठ दिवस अंथरूण धरतात. आम्ही म्हणतो, दोन्ही नको. जावं, पण बेत करून जावं.

बेत कसा करावा? जाणत्या गाडीवानाकडे बघा. लांबचा पल्ला असला, की तो बैलांच्या तोंडाला फेस येईपर्यंत हाकत नाही. बैल दमायच्या आधीच सावली बघून गाडी सोडतो, पाणी दाखवतो. आपल्या अंगालाही तसंच वागवावं. दमल्यावर विसावा घेऊ नये. दमायच्या आधी घ्यावा. सारी गोम यात आहे.

आता एक उदाहरण घेऊ. एका बाईंना आमवात आहे. वय पन्नाशीच्या पुढं. त्यांना पंढरपूरला जायचं आहे.

आधी दिवस ठरवावा. आषाढी-कार्तिकीला दर्शनाची रांग तासन् तास चालते. दुखऱ्या पायांना ती झेपणार नाही. म्हणून गर्दी नसलेला साधा दिवस निवडावा. विठोबा काय एकादशीलाच भेटतो होय? शिवाय मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तिला वेळ कमी लागतो. चंद्रभागेच्या घाटाला पायऱ्या आहेत. म्हणून दर्शन एका दिवशी करावं, नदीवर दुसऱ्या दिवशी जावं. मध्ये एक रात्र मुक्काम करावा.

मग वेळ ठरवावी. आमवातात सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात. ते मोकळे व्हायला कधी तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा पहाटेची गाडी धरू नये. अंग मोकळं झाल्यावरची गाडी बघावी.

आता गाडीचं बघू. एस. टी.त मागच्या चाकावरची नि शेवटची जागा टाळावी. तिथं धक्के जास्त बसतात. जमलं तर आधी आरक्षण करावं. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. एका जागी फार वेळ बसलं, की सांधे पुन्हा आखडतात. म्हणून बसल्या बसल्या पाय लांब करावे, घोटे फिरवावे. गाडी स्टँडवर थांबली, की उतरून चार पावलं चालावं. रेल्वेची सोय असेल तर आणखी बरं. कुर्डुवाडी-मिरज मार्गावर पंढरपूर स्टेशन आहे. आगगाडीत उठता-फिरता येतं.

मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट पडतं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसांना राज्यात एस. टी.चा प्रवास मोफत झाला. तिकिटाचे पैसे वाचले, तर त्यांतून मुक्कामाचा खर्च भागेल.

वाटेत लघवीची अडचण होईल म्हणून पुष्कळ बायका पाणीच पीत नाहीत. हे चुकीचं आहे. पाणी कमी पडलं, की थकवा वाढतो, डोकं धरतं. पाणी घोट घोट प्यावं नि प्रत्येक स्टँडवर जाऊन यावं.

औषधं पेटीत नको, हातातल्या पिशवीत हवीत. दोन दिवसांची जास्त घ्यावीत. डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ असावी. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटाला बाधतात. तेव्हा प्रवासात उपास धरू नये. आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. प्रवासाच्या गडबडीत ती रोज घेतली गेली, तर जिवावर बेतू शकतं. तिचा वार लिहून ठेवावा.

एकच जड गाठोडं घेण्यापेक्षा दोन हलक्या पिशव्या बऱ्या. निघायच्या आदल्या दिवशी दळण, धुणं काढू नये. परत आल्यावरचा दिवसही मोकळा ठेवावा. तोही प्रवासातलाच दिवस धरावा. घरच्यांना हे आधीच सांगावं, म्हणजे चुलीजवळ कोण बसणार हे ठरून जातं.

जायच्या दिवशीच दुखणं उसळलं तर? तर बेत पुढं ढकलावा. त्यात कमीपणा नाही. ताप आला किंवा एखादा सांधा एकाएकी सुजून लाल झाला, तर गाडी नव्हे, डॉक्टर गाठावा.

आता तुम्हांला लिहिता येतं. एक कागद घ्या. त्यावर गाडीची वेळ, गोळ्यांच्या वेळा, विसाव्याची ठिकाणं नि घरचा फोन नंबर लिहा. एक प्रत घरी ठेवा, एक पिशवीत. गाडीची पाटी स्वतः वाचा आणि बसा. जागा हवी असेल तर मागा. "मला सांध्याचं दुखणं आहे, उभं राहवत नाही," एवढं सांगायला लाजू नका. दुखणं दिसत नाही, म्हणून ते सांगावं लागतं.